दीड वर्षासाठी टोकियोत येतोय: कागदपत्रं, शेगडी, मिक्सर

प्रेषक: पुणेकर (नवा सभासद)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीतर्फे टोकियोला येत आहोत, मी आणि पत्नी. दीड वर्षाचं काम आहे, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये परत. ऑफिस ओतेमाचीला, आणि घर निशिकासाईला बघा असं जो तो सांगतो. आल्याआल्या कोणती कामं आधी उरकायची? घरचा ७५० वॉटचा मिक्सर आणि कुकर आणावा का? घर घेताना काय बघायचं?

आभारी आहे.

प्रेषक: निशिकासाईकर

नमस्कार,

कामांचा क्रम मोडू नका. इथे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर अडून बसलेला असतो.

नारिता किंवा हानेदाला उतरल्यावर झाइर्यू कार्ड, म्हणजे इथल्या वास्तव्याचं ओळखपत्र, हातात मिळेल. त्यावर पत्ता नसतो. राहायला लागल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात (कुयाकुशो) पत्ता नोंदवायचा, तो कार्डाच्या मागे छापून देतात. दोघांनी एकत्रच जा. विवाह नोंदणीचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर जवळ ठेवा, नाहीतर पत्नीच्या नोंदीत नात्याचा रकाना अडतो. भाषांतर कोणीही केलेलं चालतं, खाली करणाऱ्याचं नाव हवं. त्याच खेपेला जुमिन्ह्योच्या, म्हणजे रहिवासी दाखल्याच्या, दोन प्रती काढून घ्या.

मग फोन, मग बँक. बँकेला जपानी नंबर लागतो आणि बऱ्याच फोन कंपन्यांना बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड लागतं. ही कोंडी फोडायची तर भारतातलं क्रेडिट कार्ड स्वीकारणारी, पण कॉलचा नंबरही देणारी कंपनी आधी शोधा. नुसत्या डेटाच्या सिमवर बँक खातं उघडत नाही. मुक्कामाला ६ महिने झालेले नाहीत म्हणून बऱ्याच बँका हात वर करतात. कंपनीचा पगार ज्या बँकेतून होतो तिथे कंपनीच्या पत्रासह गेलात तर सोपं जातं.

आता आपल्या लोकांची खास अडचण. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये तुमचं आणि वडिलांचं अशी दोन नावं असतात. कार्डावर आडनाव आधी आणि मग ती दोन्ही नावं येतात, आणि बँकेला ती सगळी काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लागतात. जोशी, कुलकर्णी यांच्या शेवटी लांबवायची आडवी रेघ द्यायची की नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठरवा. तोच कागद बघून बँक, फोन आणि कंपनीचा पगार विभाग, तिन्हीकडे भरा. खात्यावर रेघ आहे आणि पगाराच्या यादीत नाही, एवढ्यावर पगार परत फिरतो. वडिलांचं नाव एका ठिकाणी गाळलं आणि दुसरीकडे ठेवलं तरी तेच.

निघण्याआधी आणखी एक काम. नोकरी भारतातल्या कंपनीतच राहून इथे पाठवत असतील, तर ईपीएफओकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ काढायला सांगा. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे इथली पेन्शनची कपात ५ वर्षांपर्यंत टळते. आरोग्य विमा मात्र टळत नाही. तो लागतोच, आणि दवाखान्यात ३० टक्के आपल्या खिशातून जातात.

प्रेषक: उरावाकर ताई

पुणेकर, स्वयंपाकघराचं मी सांगते, कारण सामान बांधताना त्यातच चुका होतात.

इथे १०० व्होल्ट वीज. तुमचा मिक्सर २३० व्होल्टचा. नुसता पिनचा अडॅप्टर लावला तर तो फिरेल, पण रडतखडत. ओलं खोबरं किंवा इडलीचं पीठ टाकलं की पातं अडकतं, मोटर तापते आणि वास येतो. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही मिक्सरच्या दुप्पट क्षमतेचा, कारण सुरू होताना मोटर जास्त ओढते. ७५० वॉटला १५०० चा घ्या. भिंतीतला सॉकेट १५ अँपियरचा, म्हणजे जेमतेम १५०० वॉट. त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह किंवा राइस कुकर चालू असताना मिक्सर लावला की ब्रेकर पडणार. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरना काही लागत नाही, ते १०० ते २४० व्होल्टवर चालतात.

कुकर आणण्याआधी घरात गॅस आहे की आयएच, म्हणजे विजेची इंडक्शन शेगडी, ते विचारा. ॲल्युमिनियमचा कुकर आयएचवर तापतच नाही. तळाला चुंबक चिकटलं तरच आणा. फोडणीचं छोटं कढलंही आयएच ओळखत नाही, १२ सेंटिमीटरपेक्षा लहान तळ असला तर बहुतेक शेगड्या नुसत्या टुकटुक करतात. खोलगट पोळीचा तवा मधेच तापतो, कडा कच्च्या राहतात. तेव्हा जमलं तर गॅसचंच घर बघा.

पण गॅसची शेगडी आपल्यासारखी नाही. ऑक्टोबर २००८ पासून घरगुती शेगडीच्या प्रत्येक बर्नरला तापमानाचा सेन्सर सक्तीचा आहे. बर्नरच्या मध्यभागी स्प्रिंगवरचं छोटं बटण दिसेल, ते भांड्याच्या तळाला टेकतं. तळ सुमारे २५० अंशांना गेला की ज्योत आपोआप बारीक होते आणि मग विझते. कोरड्या तव्यावर तिसऱ्या-चौथ्या पोळीला हे हमखास होतं आणि शेगडी बिघडली असं वाटतं. बिघडलेली नसते. ‘कोओन इतामे’ किंवा ‘आबुरी’ असं बटण शोधा आणि ३ सेकंद दाबून ठेवा. मर्यादा सुमारे २९० पर्यंत जाते. सहसा एकाच बर्नरला, बहुधा जास्त आचेच्या, ही सोय असते. काही वेळाने ती आपोआप बंद होते, पुन्हा दाबायचं. फुलका थेट आचेवर फुगवायचा तर जाळी ठेवा. काही मॉडेलांमध्ये भांडं उचललं की ज्योत बारीक होते.

यावर उपाय म्हणून काही जण टेबलावरची कॅसेट शेगडी घेतात. त्यावर मोठा तवा ठेवू नका. तव्याची कड गॅसच्या डब्यावर आली की डबा तापतो आणि फुटू शकतो. दोन कॅसेट शेगड्या शेजारी ठेवून एकच मोठं पातेलं चढवणं तर अजिबात नको. गणपतीच्या प्रसादाला हा मोह होतो.

प्रेषक: कावासाकीकर

ताईंचं शेगडीचं सगळं मान्य. ट्रान्सफॉर्मरचं नाही. दीड वर्षासाठी तो जड ठोकळा विकत घ्यायचा, आणि जाताना फेकायचा कुठे? भारतातल्या काही मिक्सर कंपन्या परदेशासाठी ११० व्होल्टचं मॉडेल विकतात. ते इथे सरळ चालतं, जरा हळू फिरतं इतकंच.

घराबद्दल. खासगी घराला डिपॉझिट (शिकिकिन), मालकाला द्यायचं परत न मिळणारं रेइकिन, एजंटचं शुल्क, हमी कंपनीचे पैसे आणि आगीचा विमा असं सगळं धरून हातात चावी येईपर्यंत चार-पाच महिन्यांचं भाडं सहज जातं. दीड वर्षात ते वसूल होत नाही. यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या भाड्याच्या वसाहती बघा, निशिकासाईच्या आसपास आहेत. रेइकिन नाही, एजंट नाही, हमीदार नाही. डिपॉझिट दोन महिन्यांचं. उत्पन्नाची अट आहे: कुटुंबासाठी भाडं ८२,५०० येनच्या आत असेल तर पगार भाड्याच्या चौपट, त्यावर २ लाखांच्या आत असेल तर महिना ३ लाख ३० हजार. बसत नसाल तर वर्षाचं भाडं आगाऊ भरूनही घर मिळतं. मात्र अर्जाला जुमिन्ह्यो लागतो. म्हणून पहिला महिना सामानासकट मिळणाऱ्या ‘मंथली मॅन्शन’मध्ये काढा, आणि पत्ता नोंदवता येईल असंच घ्या. काही ठिकाणी मालक ते करू देत नाहीत.

यूआरचं घर बहुतेकदा रिकामं मिळतं. दिवे, पडदे आणि शेगडीसुद्धा आपली. शेगडी घेताना गॅस कोणता ते बघा: शहरी गॅस (१३ए) की प्रोपान. एकाची शेगडी दुसऱ्यावर लावली तर ज्योत भडकते किंवा नीट जळत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. वीज ऑनलाइन सुरू होते, गॅसला माणूस येऊन तपासून जातो आणि आपण घरी असावं लागतं. आठवडाभर आधी वेळ घ्या.

प्रेषक: पुणेकर

> दीड वर्षात ते वसूल होत नाही

मनापासून आभार सगळ्यांचे. मिक्सर ११० व्होल्टचाच बघतो. परतीच्या तारखेचा कशाकशावर परिणाम होतो? मार्चअखेर की एप्रिल, एवढं आमच्या हातात आहे.

प्रेषक: निशिकासाईकर

मार्च की एप्रिल याने करात काही फरक पडत नाही, डिसेंबर की जानेवारी याने पडतो. रहिवासी कर (जुमिनझेइ) १ जानेवारीला ज्याचा इथे पत्ता आहे त्याला लागतो, आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर, सुमारे १० टक्के. बिल जूनमध्ये येतं. तुम्हाला पहिल्या जूनमध्ये फक्त ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पगारावर लागेल, म्हणजे किरकोळ. दुसऱ्या १ जानेवारीलाही तुम्ही इथेच असाल, तेव्हा अख्ख्या वर्षाचं बिल जूनमध्ये निघेल, आणि तेव्हा तुम्ही पुण्यात. जाण्याआधी वॉर्ड ऑफिसात नोझेइ कानरिनिन, म्हणजे तुमच्या वतीने कर भरणारा इथला माणूस, नेमावा लागतो. पगार ‘नेट’, म्हणजे कर वजा जाऊन हातात येणारा, ठरला असेल तर हा कर कोणाच्या माथी, हे करारात आत्ताच लिहून घ्या. ३१ डिसेंबरपूर्वी पत्ता काढून परत जाता आलं, तर ते दुसरं बिल येतच नाही.

प्रेषक: उरावाकर ताई

भूकंपाचं राहिलं. जोराचा, म्हणजे शिंदो (हादऱ्याच्या तीव्रतेचं जपानी माप) ५ किंवा त्यापुढचा, धक्का बसला की गॅसचा मीटर स्वतःच बंद होतो. लोक गळती समजून रात्रभर गार जेवतात. वास येत नसेल तर घरातली गॅसची सगळी उपकरणं बंद करा. दाराबाहेरच्या मीटरच्या बटणावरचं टोपण काढा, बटण पूर्ण दाबून सोडा, लाल दिवा लुकलुकायला लागेल. ३ मिनिटं गॅस वापरू नका, तेवढ्यात मीटर गळती तपासतो. दिवा विझला की गॅस सुरू. वास येत असेल तर बटणाला हात लावू नका, पंखाही लावू नका. खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन गॅस कंपनीला फोन करा.

प्रेषक: कावासाकीकर

आणि मार्चमध्ये निघणार असाल तर मोठ्या कचऱ्याचं (सोदाइ गोमी) बुकिंग फेब्रुवारीतच करा. टोकियोच्या २३ वॉर्डांत साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू त्यात मोडते, दुकानातून स्टिकर घेऊन चिकटवावा लागतो, आणि मार्चमध्ये तारखा मिळत नाहीत. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही आणि एसी त्यात घेत नाहीत, त्यांच्या रिसायकलिंगचे पैसे वेगळे. त्यापेक्षा द्यायच्या वस्तू जानेवारीत आपल्या या चर्चेच्या यादीवर टाका, नवीन येणारे घेऊन जातात.