धूर, सॅक्सोफोन आणि मागचं पान

जॅझ मासिकांची मुखपृष्ठं एकाच साच्यातली, तोच काळा-पांढरा धूर, तोच सॅक्सोफोन, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. साचा आहे खरा, पण तो घडला कामाच्या रेट्यातून. छायाचित्रकार हर्मन लेनर्डनं 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट या जॅझ क्लबात सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा फोटो काढला, तेव्हा अंधाऱ्या क्लबात मागून मारलेल्या उजेडात सिगारेटचा धूर आपसूक उजळला. पुढे त्याचीच नक्कल होत राहिली. दुसरा जॅझ छायाचित्रकार विल्यम गॉटलिब, त्याला तर फ्लॅशचे बल्ब महाग पडत, म्हणून तो मोजकेच फोटो घ्यायचा आणि नेमका क्षण येईपर्यंत थांबायचा. त्याचे फोटो 2010 पासून सर्वांसाठी खुले आहेत, जरूर बघा.

अनुक्रमणिकेबद्दल, म्हणजे आत काय कुठे येतं याबद्दल, मात्र ते मत काहीच सांगत नाही. शिकागोत 1934 मध्ये सुरू झालेल्या 'डाउनबीट' या जॅझ मासिकाचे जुने अंक वर्तमानपत्रासारखे दिसायचे, कारण ते मासिक धंद्यातल्या वादकांसाठी होतं: कोण कुठल्या बँडमध्ये गेला, कुठे काम आहे. पुढे तारे देऊन केलेली रेकॉर्डची परीक्षणं आली. जॅझ समीक्षक लेनर्ड फेदरची 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' (वादकाला नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवून मत विचारायचं) 'मेट्रोनोम' या दुसऱ्या मासिकातून 'डाउनबीट'मध्ये आली आणि पुढे शेवटच्या पानावर स्थिरावली. मी अजूनही अंक मागूनच उघडतो. हे सदर कुणी मधल्या पानांत ढकललं, तर मला ते मुखपृष्ठ बदलण्यापेक्षा जास्त खटकेल.