आजारी माणसाच्या घरात इन्व्हर्टरला कुठली बॅटरी कमी धोक्याची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, तो रात्रभर चालू असतो, त्यामुळे लाइट गेली की बॅकअप हवाच. बॅटरी ठेवायला जागा दोनच, त्यांची खोली नाहीतर बाहेरचा पॅसेज. सध्या पाणी घालायची लेड ॲसिड आहे, ती बदलायला आलीये, पण नवीन कुठली घ्यावी ते ठरत नाहीये.

लेड ॲसिड चार्ज होत आली की हायड्रोजन सोडते, हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं तर एक ठिणगी पुरते, आणि तो हलका असल्याने वर छताशी जमतो म्हणजे खालून दार उघडं ठेवून भागत नाही. सीलबंद बॅटरीत गॅस बराचसा आतल्या आत परत पाणी होतो, पण चार्जर बिघडून ओव्हरचार्ज झाली तर तिचाही व्हॉल्व्ह उघडतो.

दुकानदार म्हणतात लिथियम घ्या, कटकट नाही. पण लिथियमही एक प्रकारची नसते ना? लॅपटॉपमध्ये असते तसली कोबाल्टवाली खूप तापली की तिच्यातूनच ऑक्सिजन सुटतो आणि आग भडकते, फॉस्फेटवालीत (एलएफपी) तो घट्ट बांधलेला असतो म्हणून ती जास्त उष्णता सहन करते, एवढं कळलंय. तरी आतलं द्रव दोन्हींत पेट घेणारंच. ओळखीतले एकजण जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून पॅक करून देतो म्हणतायत, त्यांना मी स्पष्ट नाही सांगितलंय, बाबांच्या उशाशी असलं काही नको.

एलएफपी घेतली तर जुन्याच इन्व्हर्टरवर चालेल का? आणि ठेवू कुठे? खोलीत ऑक्सिजनची भीती वाटते, पॅसेजमध्ये ठेवावी तर बाबांना बाहेर काढायचा रस्ता तोच आहे. प्लीज कोणीतरी नीट सांगा, फार काळजी लागलीये.

प्रतिसाद:
खोलीत अजिबात नको. ऑक्सिजन स्वतः जळत नाही पण चादरी-कपड्यांत मुरतो आणि लागलेली आग झपाट्याने वाढवतो. पॅसेजमध्येच ठेवा, पण मुख्य दाराच्या उलट्या टोकाला, म्हणजे बाबांना नेताना बॅटरीजवळून जावं लागणार नाही. बॅटरी एलएफपीच घ्या, बीएमएस (जास्त चार्ज झाली की चार्जिंग तोडणारं आतलं संरक्षक सर्किट) असलेली. इन्व्हर्टरला लिथियम सेटिंग नसेल तर तोही बदला, कारण १२ व्होल्टच्या एलएफपीची मर्यादा १४.६ व्होल्ट आणि पाण्याच्या बॅटरीचं सेटिंग त्याच्या वर जाऊ शकतं. बीएमएस तेव्हा तोडेल, पण तो शेवटचा आडोसा आहे, रोज त्याच्या भरवशावर चार्जिंग करायचं नाही.

आणि कॉन्सन्ट्रेटरवरचे वॅट बघा. १२ व्होल्टची १०० एएच (अँपिअर-अवर) एलएफपी म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर, ३०० वॅटचं मशीन असेल तर जेमतेम साडेतीन-चार तास. कुठलीही बॅटरी घेतलीत तरी डॉक्टरांना विचारून एक भरलेला सिलिंडर घरात ठेवाच.