जर्नलमधून केस रिपोर्ट बंद करायचे का?

प्रश्न: त्वचावाला, लातूर

नमस्कार. मी मेडिकल कॉलेजात असोसिएट प्रोफेसर आहे, विषय त्वचारोग. चार-पाच जिल्ह्यांतल्या त्वचारोगतज्ज्ञांची आमची छोटी संघटना आहे, तिचं सहामाही जर्नल निघतं. साठेक पानं, मागच्या कव्हरवर सनस्क्रीनची जाहिरात. गेल्या महिन्यात मला संपादक मंडळात घेतलं (मीटिंगला हजर नव्हतो, म्हणून घेतलं).

नव्या संपादकांना जर्नल इंडेक्स करून घ्यायचं आहे, म्हणजे जर्नलांच्या मान्यताप्राप्त यादीत नाव हवं. त्यांचं म्हणणं, केस रिपोर्ट (एकेका पेशंटच्या नोंदी) पूर्ण बंद, फक्त संशोधन लेख आणि रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचे आढावे). केस रिपोर्टचा उल्लेख पुढे कोणी करत नाही, नुसती पानं भरतात. पटतं. पण मागच्या अंकातल्या चौदा मजकुरांपैकी अकरा केस रिपोर्ट होते. ते काढले तर उरेल ती सनस्क्रीन. रविवारी मीटिंग आहे, काय बोलू?

उत्तर: पीजी सेकंड इयर

सर, बंद नका करू. माझा एक रिपोर्ट तीन ठिकाणांहून परत आलाय. दुसरीकडे रोज 'आदरणीय प्रोफेसर' अशी सुरुवात असलेली मेल येते, पाच दिवसांत छापतो, पैसे पाठवा. मी अजून परीक्षाही दिलेली नाही, आणि प्रोफेसर!

उत्तर: निवृत्त, पण ओपीडीत

डॉक्टर, मी एका जर्नलचं केस रिपोर्टचं सदर नऊ वर्षं सांभाळलं. तेव्हा लेख तीन प्रतींत, खाकी पाकिटातून यायचे. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने बाण काढून 'वरची बाजू' लिहिलेलं असायचं, तरी दोनदा आम्ही पाय उलटा छापला.

तुमच्या संपादकांना दोष देऊ नका, हिशेबच तसा आहे. आधीच्या दोन वर्षांतल्या मजकुराचे या वर्षी झालेले उल्लेख मोजायचे आणि त्यांना त्या दोन वर्षांतल्या संशोधन लेख व रिव्ह्यूंच्या संख्येने भागायचं, हा झाला इम्पॅक्ट फॅक्टर. गंमत अशी की संपादकांना आलेल्या पत्राचा कोणी उल्लेख केला तर तो वर धरतात, पण पत्र स्वतः खाली मोजत नाहीत. म्हणून बऱ्याच जर्नलांनी केस रिपोर्ट आखडून पत्रांच्या सदरात ढकलले. पळवाटच आहे, पण मला आवडते. निम्मे शब्द कापले की दहातले आठ रिपोर्ट सुधारतात. 'आमच्या माहितीनुसार या भागातली ही पहिलीच नोंद' हे वाक्य तर मी नऊ वर्षं डोळे मिटून खोडलं.

पण दोन वर्षांची ही मोजपट्टी आपल्या विषयाला कशी लावायची? कुष्ठरोगाचा जंतू शिरल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंतच सरासरी पाच वर्षं जातात.

खरा प्रश्न जर्नलने कोणत्या दिशेने जायचं हा आहे. आपल्या विषयाचं देशातलं मुख्य जर्नल बघा. डॉ. यू. बी. नारायण राव यांनी 1935 मध्ये ते मुंबईत सुरू केलं, ते 'इंडियन जर्नल ऑफ व्हेनेरिअल डिसीझेस' म्हणून. नावात कातडीचा पत्ताच नाही, सगळा भर गुप्तरोगांवर. 1940 मध्ये नावाच्या शेवटी डर्मॅटॉलॉजी, म्हणजे त्वचारोग, आली. मग पेनिसिलिन आलं, सिफिलिसचे वॉर्ड रिकामे होऊ लागले, आणि 1955 च्या नावात डर्मॅटॉलॉजी पुढे, व्हेनेरिऑलॉजी मागे. 1976 मध्ये लेप्रॉलॉजी, म्हणजे कुष्ठरोग, जोडली गेली. पेशंटच्या रांगेत जे दिसत होतं त्याच्यामागून, थोडं उशिरा, नाव बदलत गेलं. 2010 मध्ये ते जर्नल काढणाऱ्या संघटनेनेच दुसरं, ऑनलाइन जर्नल काढलं. मजकूर वाढला तर फाटक लावण्याऐवजी दुसरी खोली बांधता येते, हे लक्षात घ्या. अर्थात तुमच्याकडे तेवढं मनुष्यबळ नाही.

आता नायट्याचं सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी ऊसतोडीवरून एक बाई आली. परकराची नाडी बसते तिथे सगळा घेर भरलेला, पण नायट्याची ती ओळखीची लाल कड कुठेच नाही. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, जांघेत जांभळट भेगा. 'काय लावलं?' विचारल्यावर तिने पिशवी उलटी केली. सात ट्यूबा, पोट चेपून शेपटीकडून गुंडाळलेल्या. स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय. नवरा आणि दोन पोरंही त्यातूनच लावत होती.

आमच्या पीजीने ते लिहून परदेशी जर्नलला पाठवलं. चार दिवसांत परत आलं, शेरा असा की विषय स्थानिक महत्त्वाचा आहे. अशा नोंदी तेव्हा आपल्याच जर्नलांतून येत होत्या, विस्कळीत, कधी नुसती पत्रं. पुढे 2020 मध्ये जपानमधल्या एका भारतीय आणि एका नेपाळी पेशंटच्या नमुन्यांवरून अशा चिवट नायट्यामागच्या बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव मिळालं. टर्बिनाफिन या नायट्यावरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी तीच बुरशी मग युरोप-अमेरिकेतही सापडली. स्थानिक म्हणे!

तेव्हा रविवारी बोलायचं ते असं. केस रिपोर्ट बंद नको, पत्र करा: पाचशे शब्द, दोन फोटो, पेशंटची लेखी संमती. लेखकाला एकच प्रश्न घाला, हे वाचून उद्याच्या ओपीडीत मी वेगळं काय करू? उत्तर नसेल तर परत. तसेच चार-पाच पेशंट आजूबाजूच्या कॉलेजांत असतील तर लेखकांची गाठ घालून केस सिरीज करायला लावा. मेडिकल कौन्सिलच्या 2015 च्या परिपत्रकाने कॉलेजातल्या प्रमोशनसाठी केस रिपोर्ट धरणं बंद झालं, पण 2020 च्या दुरुस्तीत केस सिरीजला जागा मिळाली. म्हणजे लेखकाचंही भलं.

आणि रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणारे, बाहेरचे शोधा. लेखक, रिव्ह्यूअर, संपादक तिघेही एकाच लग्नात पंगतीला शेजारी बसत असतील तर इंडेक्सिंग मिळूनही काय उपयोग?

उत्तर: ग्रंथपाल, सांगली

मॅडमचं बरोबर आहे. एकदम मोठ्या यादीकडे धावण्यापेक्षा आधी डीओएजे (मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांची यादी) बघा, प्रमोशनसाठी धरायच्या याद्यांत 2020 च्या दुरुस्तीने तीही घेतली. मात्र वर्षाला किमान पाच संशोधन लेख लागतात आणि पूर्ण मजकूर वेबसाइटवर लॉगिनशिवाय उघडा हवा. अकरा केस रिपोर्ट सोडून बाकीचे तिन्ही मजकूर संशोधनाचे धरले, तरी दोन अंकांत सहाच होतात. काठावर आहात.

प्रश्नकर्ता: त्वचावाला, लातूर

त्या तिनातलं एक संघटनेच्या अधिवेशनाचं वृत्त होतं. म्हणजे चारच.

मीटिंग झाली. पत्रांचं सदर मान्य, शब्दमर्यादा भांडून सहाशे. रिव्ह्यूअर बाहेरचे म्हटल्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग चहा आला. सदर कोणी सांभाळायचं यावर मात्र लगेच एकमत झालं, या वेळी मी हजर असूनही.

पीजी सेकंड इयर, तो रिपोर्ट पाठव. सहाशे शब्दांत.