मदत हवी आहे: देवीच्या तांब्याच्या मुखवट्यावरचं सोनं न खरवडता कसं तपासायचं?

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी देवीचा तांब्याचा जुना मुखवटा आहे, वरून सोन्याचा मुलामा. कपाळ आणि नाक झिजून तांबं उघडं पडलंय, कानामागच्या खाचांत हिरवट थर आहे. नवरात्राआधी तो जळगावला नेऊन ॲसिडने धुवायचा आणि वर नवं सोन्याचं पाणी चढवायचं असं पंचांचं ठरतंय. "काही व्हत नही भो, देवी चमकाले पाहिजे!" माझं म्हणणं एवढंच, आधी नीट तपासणी होऊ द्या.

एका सराफाच्या मशीनवर टंच काढला. गालावर सोन्याचे टक्के जास्त, नाकावर एकदम कमी. तेवढ्यावर गावच्या पारावर बसून सोन्याचा हिशेबही मांडून झाला. मशीनने पारा धातू मात्र दाखवला नाही. पूर्वी सोनं पाऱ्यात कालवून लेप देत, मग तापवून पारा उडवत आणि त्यातला थोडा सोन्यात उरतोच, असं ऐकलंय. मग पारा नाही म्हणजे काम अलीकडचं समजायचं का? आणि खात्रीची तपासणी कुठे होईल?

प्रतिसाद १
टक्के सोडून द्या. मशीनचे क्ष-किरण काही मायक्रॉनच्या मुलाम्यातून आरपार तांब्यापर्यंत जातात आणि मशीन दोन्ही मिळून एकच मिश्रधातू समजतं. नाकावर मुलामा झिजलाय, म्हणून तिथे टक्के घसरले.

पाऱ्याचं म्हणाल तर सराफी मशीनच्या यादीत तो असेलच असं नाही. शिवाय मशीनच्या आलेखात त्याची रेषा (९.९९ केईव्ही, हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) सोन्याच्या रेषेला (९.७१) खेटून असते. म्हणून टक्क्यांचा कागद नको, पूर्ण आलेख मागा. पारा सापडला तरी वय ठरत नाही, नेपाळात असा मुलामा आजही देतात. नाही सापडला तर सोन्याचा पातळ पत्रा घासून बसवलेला असू शकतो, किंवा विजेवरचा मुलामा, जो १८४० नंतरच प्रचारात आला.

ॲसिड आणि चिंच दोन्ही बंद. आम्ल मुलाम्याखालचं तांबं खातं, मग सोनं पापुद्र्यासारखं सुटतं. आणि एकदा नवा थर चढला की जुन्या कामाची तपासणी संपलीच म्हणा. हिरवा थर पुसला तरी फिकट भुकटी पुन्हा धरत असेल तर आत क्लोराइड (ओल मिळाली की तांबं खाणारा क्षार) आहे. पाणी न लावता कोरड्या जागी ठेवा.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व विभागाला किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला फोटोंसह पत्र टाका. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, हेही पंचांच्या कानावर घाला.

धागाकर्ता
आभारी आहे. कायद्याचं ऐकून पंच जरा थबकतील. मुखवटा गावाबाहेर न्यायला मात्र पुजारीबुवा तयार नाहीत. हातात धरायचं मशीन घेऊन देवळात येऊन तपासणारं जळगाव-धुळ्याकडे कुणी आहे का?