विषय: व्हॅनची उंची (उद्यापर्यंत सांगा!)

निखिल:
मंडळी, ट्रिपसाठी भाड्याची व्हॅन उद्या पक्की करायची आहे. लहान कुठेच शिल्लक नाही, उरलीय ती उंच टपाची, २.९ मीटर. रूट अण्णांचाच, ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातून न्यू साउथ वेल्समध्ये: बीचवर्थ, चिल्टर्न, होलब्रूक, गुंडगाई, बेरिमा. प्रश्न एकच, ही पबसमोर लावता येते का? मागच्या वेळचं सगळ्यांना आठवतंय. करारात स्वच्छ लिहिलंय की टपाचं आणि पोटाखालचं नुकसान विम्यात धरत नाहीत.

बापू:
"मागच्या वेळचं" म्हणजे मीच, तेव्हा नीट सांगतो. चूक उंचीची नव्हती. न्यू साउथ वेल्समधल्या बऱ्याच गावांत गाडी तिरकी, पार्श्वभाग फुटपाथकडे करून लावायची असते. जुन्या पबचा व्हरांडा पूर्ण फुटपाथ झाकून कडेपर्यंत येतो. मागचं चाक कडेला टेकतं तेव्हा व्हॅनची शेपटी मीटरभर आत गेलेली असते. आरशात खांब दिसतात, वरची पन्हळ दिसत नाही. पत्र्याचा कर्रर्र आवाज आला तेव्हाच कळलं. मालक हातात ग्लास घेऊन बाहेर आला, पन्हळ तळव्याने वर दाबली आणि म्हणाला, या वर्षातली ही तिसरी. त्याने काही घेतलं नाही. डिपॉझिट मात्र गेलं. आणि मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" कोण म्हणत होतं, ते इथे लिहीत नाही.

मंदाताई:
मी "थांबा" म्हणत होते. काचा वर होत्या आणि आत अभंग लावले होते.
निखिल, पार्किंग राहू दे, जेवणाचं बघ. बऱ्याच गावांत पबचं किचन आठ-साडेआठला बंद होतं. आपण सव्वाआठला पोचलो आणि मुलांनी वेफर्सवर रात्र काढली. पोहे आणि गॅस बरोबर ठेव. शिवाय संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून पाचच्या आत मुक्काम.

अण्णा:
रूट माझा आहे म्हणून दोन शब्द. चिल्टर्नला स्टार हॉटेलच्या आवारातली द्राक्षवेल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये, १८६७ सालची आहे. होलब्रूकला भर गावात पाणबुडी उभी आहे, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. गावाचं मूळ नाव जर्मन्टन, पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नको म्हणून १९१५ मध्ये बदललं. गुंडगाईला फक्त कुत्र्याच्या पुतळ्याजवळ फोटो काढून निघू नका. १८५२ च्या महापुरात यारी आणि जॅकी जॅकी या विराजुरी आदिवासी माणसांनी सालीच्या होडीतून लोकांना वाचवलं, ते गाव हे. बेरिमाला सर्व्हेयर जनरल इन, १८३४. ऑस्ट्रेलियातला सर्वात जुना पब, असा त्यांचा दावा.

शिरीष:
अण्णा, टास्मानियातला बुश इन १८१५ चा आहे.

अण्णा:
त्यांचा दावा सलग परवान्याचा आहे, बांधकामाचा नाही. आणि टास्मानियाला व्हॅन न्यायची तर मेलबर्नहून बोट, तिचं भाडं वेगळं.

शिरीष:
बोट आता जिलाँगहून सुटते, २०२२ पासून.

स्मिता:
पबला हॉटेल का म्हणतात हो? सासूबाई आल्या होत्या तेव्हा पाटी बघून आत शिरल्या आणि इडली मागितली.

बापू:
पूर्वी दारूचा परवाना हवा तर मुक्कामाच्या खोल्या ठेवाव्या लागत, म्हणून हॉटेल. व्हिक्टोरियात १९१६ ते १९६६ बार संध्याकाळी सहाला बंद होत. पाचला कामावरून सुटायचं, तासाभरात ढोसायचं. मंदाच्या स्वयंपाकघराचे नियम त्यामानाने सैल आहेत.

निखिल:
धन्यवाद, पण उत्तर मिळालं नाही. लावू की नको?

बापू:
पबसमोर नकोच. मागच्या गल्लीत लाव. बरेच पब मागच्या आवारात रात्रभर व्हॅन उभी करू देतात, आत जेवण किंवा एखादा ग्लास घेतला की झालं. आधी फोन कर आणि फाटकावर कमान आहे का तेवढं विचार.

निखिल:
व्हॅन घेतली. फक्त २.९ वरचा एसी धरून की सोडून, ते कंपनीच्या माणसालाही सांगता येईना. मोजूनच घेतो. मंडळाच्या मखराच्या पेटीतली टेप कुणाकडे आहे?

सेक्रेटरी:
टेप माझ्याकडे आहे. टेप मंडळाची, ट्रिप मंडळाची नाही. रविवारी येऊन वहीत सही करून न्यावी.