फायबरचा छोटा ट्रेलर घेतोय, काय बघू?

म्हापशाहून: गाडीमागे ओढून आत राहायचा सेकंडहँड फायबरग्लासचा १३ फुटी ट्रेलर बघून आलोय, नेत्रावळीच्या जंगलाच्या बाजूला दोन-तीन रात्री राहायचं, लाईट नाही पण फ्रिज नि पंखा चालायलाच हवा. काय तपासू?

फोंड्याहून: आधी आरसी, ट्रेलरची नोंदणी वेगळी असते. फायबर गंजत नाही पण पाणी खिडक्या नि छताच्या व्हेंटमधून शिरतं, वरून सिलिकॉन थापू नको, जुनं खरवडून ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लाव. चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, मात्र खाऱ्या हवेत गंजते, खाली वाकून टोचून बघ.

मडगावहून: १२ व्होल्टची (नेमके १२.८) १०० एएच, म्हणजे अँपिअर-अवर, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घे, साधारण १२८० वॉट-अवर, ती जवळजवळ सगळी वापरता येते, लेड अ‍ॅसिडची मात्र निम्मीच वापरायची असते. तिकडे सावली दाट रे, सोलर पॅनल छताला ठोकू नको, सुटं ठेव म्हणजे उन्हात नेऊन मांडता येतं.

म्हापशाहून: चासी बघितलीच नाही! रविवारी परत जातो.