चेहरा नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, तरी गर्भारपणातल्या मद्याचा परिणाम असू शकतो का?

वर्गखोली (प्रश्न)

नऊ वर्षांचं मूल आहे. बुद्ध्यांक ९२, बोलणं वयाप्रमाणे, गप्पा तर अगदी मोठ्यांसारख्या. गणित मात्र दोन इयत्ता मागे. तीन कामं एकदम सांगितली की पहिलंच होतं आणि काल पक्कं झालेलं आज पाटी कोरी. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) निदान झालेलं आहे. आईने दिलेली माहिती अशी: गर्भ राहिल्याचं सातव्या आठवड्यात कळलं, तोवर शनिवारी एका बैठकीत चार-पाच ड्रिंक, त्यानंतर पूर्ण बंद. चेहऱ्यात काही वेगळं नाही आणि एमआरआय साफ, म्हणून अहवालात 'मद्याचा संबंध नाही' असं लिहिलंय. हे पटण्यासारखं आहे का? नसेल तर पुढे काय तपासायचं?

नवजात_डॉक

नाही पटत. अहवाल लिहिणाऱ्याने चेहऱ्यावर नको इतका भरवसा टाकलाय.

चेहऱ्याच्या खुणा म्हणजे डोळ्यांच्या लहान फटी, नाकाखालची पन्हळ सपाट आणि वरचा ओठ पातळ. या ज्या घडामोडींतून येतात त्या गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या आठवड्यात, जेमतेम काही दिवसांत उरकतात. शनिवारची बैठक नेमकी त्या दिवसांत पडली तर चेहरा बदलतो, दोन-चार दिवस इकडेतिकडे झाली तर बदलत नाही. मेंदूचं तसं नाही, तो पूर्ण गर्भारपणभर घडत असतो. एफएएसडीच्या (गर्भारपणातल्या मद्यामुळे मुलात होणाऱ्या विकारांचा गट) बहुतेक मुलांच्या चेहऱ्यात काहीच दिसत नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी त्यातल्या फीटल अल्कोहोल सिंड्रोमला नाव दिलं, तेव्हा ओळख चेहऱ्यावरूनच पटायची आणि ती सवय अजून सुटलेली नाही. (फ्रान्समध्ये लमॉइन यांनी १९६८ मध्येच १२७ मुलांची नोंद केली होती, पण तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.)

आणखी एक गोष्ट. प्रसूतितज्ज्ञांचा 'सातवा आठवडा' शेवटच्या पाळीपासून मोजलेला असतो, भ्रूणाचं वय त्याहून दोन आठवड्यांनी कमी. म्हणजे आईने सोडली तेव्हा भ्रूण पाचेक आठवड्यांचा होता. मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) २८व्या दिवसाच्या आसपास बंद होते, तीही याच काळात आली.

अल्कोहोल वार (आई आणि गर्भ यांना जोडणारा अवयव, प्लासेंटा) सहज ओलांडतं आणि थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या जवळपास येतं. गर्भाच्या यकृतात ते मोडणारं एन्झाइम फार कमी. गर्भारपण पुढे गेलं की ते गर्भजलातही साठतं, गर्भ तेच गिळतो आणि आईची उतरल्यावरही संपर्क चालू राहतो. सुरुवातीच्या आठवड्यांत ज्यांच्यापासून पुढे चेतापेशी व्हायच्या त्या मूळ पेशीच मरतात. मधल्या महिन्यांत चेतापेशींचा आपल्या जागेपर्यंतचा प्रवास बिघडतो. शेवटच्या महिन्यांत पेशींची आपसातली जोडणी जोरात चालू असते. तेव्हा अल्कोहोल एनएमडीए ग्राहक (पेशीवर उत्तेजक संदेश घेणारी जागा) रोखतं आणि गाबाचा (संदेश दाबणारं रसायन) परिणाम वाढवतं. संदेश न पोचलेल्या पेशी मग स्वतःहून मरतात. कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा), लहान मेंदू, हिप्पोकॅम्पस (आठवणी पक्क्या करणारा भाग) आणि मेंदूचा पुढचा भाग यांना जास्त फटका बसतो.

एमआरआयबद्दल थोडक्यात: गटांची सरासरी काढली की आकारमानातले फरक दिसतात, एकट्या मुलाच्या फिल्मवर नजरेने बहुधा दिसत नाहीत. साफ एमआरआयने एफएएसडी नाकारता येत नाही.

काचेचा_चंबू

वरच्या उत्तरावरून कुणी 'सातव्या आठवड्यानंतर घेतली तर चेहरा तरी वाचतो' असा अर्थ काढू नये. सुरक्षित प्रमाणही ठरलेलं नाही आणि सुरक्षित महिनाही.

इतिहास घेताना 'ड्रिंक' हा शब्द कामाचा नाही, ग्रॅम काढा. मिलिलिटर गुणिले टक्के गुणिले ०.७९, भागिले १००. ४० टक्क्यांची ६० मिली व्हिस्की १९ ग्रॅम, ५ टक्क्यांची ५०० मिली बिअर सुमारे २० ग्रॅम, १२ टक्क्यांची १५० मिली वाइन १४ ग्रॅम. अमेरिकी मोजणीत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं. त्यामुळे घरी ओतलेले 'दोन पेग' बऱ्याचदा तीन ड्रिंक भरतात. आठवड्याभरातलं तेवढंच मद्य एका रात्रीत घेतलं तर रक्तातलं प्रमाण फार वर जातं, आणि मेंदूला जास्त इजा त्या शिखराने होते.

आणि 'गरोदरपणात घेत होता का?' असं विचारू नका, उत्तर 'नाही'च येतं. 'कळायच्या आधीच्या महिन्यात शनिवार-रविवार कसा असायचा?' असं विचारा, आरोपाचा सूर न लावता.

मापनपट्टी

इतिहास निकषात बसतो. २०१६ च्या सुधारित अमेरिकी निकषांत एका वेळी तीन किंवा जास्त ड्रिंक, असं दोन किंवा जास्त वेळा, हा पुरेसा संपर्क धरतात. चेहऱ्याच्या खुणा नसतील तर आकलनाच्या किमान दोन क्षेत्रांत सरासरीपेक्षा दीड प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) खाली, किंवा वर्तनाच्या दोन क्षेत्रांत तेवढी अडचण लागते. कॅनडाचे निकष अधिक कडक: दहापैकी तीन क्षेत्रांत गंभीर कमतरता.

एकूण बुद्ध्यांक ९२ हा आकडा इथे दिशाभूल करतो. बुद्ध्यांक चाचणीतल्या प्रत्येक विभागाचे निर्देशांक वेगवेगळे मागवा. भाषा १०४ आणि कार्यकारी स्मृती (काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवणं) ७६ असं काही निघालं तर सरासरीने ते झाकलं होतं. त्यासोबत नियोजन व आवेग यांसाठी ब्रीफ ही प्रश्नावली, रोजच्या व्यवहारासाठी व्हाइनलँड ही मोजपट्टी आणि वेगळी गणित चाचणी करा. माझ्या मते सगळ्यांत बोलका आकडा व्हाइनलँडचा, तो बुद्ध्यांकापेक्षा बराच खाली असतो. श्रवण आणि दृष्टी आधी तपासा.

चेहरा 'नॉर्मल' कुणी आणि कसा ठरवला तेही विचारा. हसऱ्या फोटोत ओठ पातळ आणि पन्हळ सपाट दिसते, म्हणून चेहरा सैल, ओठ मिटलेले हवेत. डोळ्याची फट आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पारदर्शक पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात आणि वयाच्या तक्त्यावर १०व्या शतमकावर (त्या वयाच्या शंभरातल्या सगळ्यांत लहान दहांत) किंवा खाली आहे का ते बघतात. चेहऱ्यात वेगळेपण निघालंच तर विल्यम्स आणि २२क्यू११ हे जनुकीय विकार वगळायला मायक्रोअ‍ॅरे ही गुणसूत्रांची चाचणी, शिवाय गर्भारपणात फेनिटॉइन किंवा व्हॅलप्रोएट ही फिट्सची औषधं चालू होती का हेही बघा.

वर्गखोली

समजलं. निर्देशांक मागवते. तोवर वर्गात काय करू? स्टारचा तक्ता तीन महिने लावलाय, शून्य फरक.

दुसरा_बाक

आज केलेलं आणि शुक्रवारी मिळणारं बक्षीस यांची सांगड हे मूल घालू शकत नाही, म्हणून तक्ता पडतो. परिणाम लगेच हवा, छोटा हवा आणि दर वेळी तोच हवा.

एका वेळी एक सूचना, रोज त्याच शब्दांत. 'पळू नको' ऐवजी 'चालत जा'. 'कळलं का?' विचारलं की मान हलते, त्याऐवजी 'करून दाखव' म्हणा. दिवसाचा क्रम चित्रांत बाकावर चिकटवा आणि काम बदलायच्या पाच मिनिटं आधी सांगा. गणितात उभी संख्यारेषा आणि हाताळायच्या वस्तू ठेवा, एका पानावर चारच उदाहरणं, आणि मूल जमतंय म्हणालं तरी तोच प्रकार आणखी काही दिवस. घडलेलं विचारलं तर मधल्या रिकाम्या जागा ते कल्पनेने भरतं. त्याला खोटेपणा समजून शिक्षा केली तर काहीच शिकत नाही, फक्त घाबरतं.

एडीएचडीच्या गोळ्या काहींना उपयोगी पडतात, पण प्रतिसाद कमी भरवशाचा असतो. तेव्हा सुरू केल्या तर शिक्षकांची नोंद डॉक्टरांपर्यंत पोचवा.

सगळ्यांत जास्त घोळ पुढे होतो. दोन महिने नीट चाललं की 'आता गरज नाही' म्हणून चित्रांचा तक्ता काढतात आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं पूर्वीसारखं. नीट चाललंय ते तक्त्यामुळेच. काढायचाच असेल तर एका वेळी एकच आधार काढा, महिनाभर थांबा, आणि नवीन वर्ग किंवा नवीन शिक्षक येणार असेल तेव्हा काहीच काढू नका.